शेवटच्या बाकाची कड

माझा मामा सुतार. माणूस नाकासमोर चालणारा, पण जीभ त्याच्या रंध्यापेक्षा धारदार. चर्चमध्ये उपासनेला कोण उशिरा आलं, प्रार्थनेत कुणाचे डोळे उघडे होते, सगळी खबर त्याच्याकडे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही गोष्ट तो रंगवून सांगायचा. मला वाटायचं, ते मुसळही यानंच तासलं असणार.

मी सात वर्षांची असताना आईनं माझ्या बापाला सोडलं. त्याच्या हातचा मार मी पाहिला होता, चर्चमधल्या बायकांनी नव्हता. "देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये," असं त्यांनी तिला ऐकवलं. मामा म्हणाला, "थोडं सोसायचं होतंस, ताई." त्याचा मला अजून राग येतो.

आई शेवटच्या बाकाच्या कडेला बसू लागली. मामा पहिल्या रांगेत, मी मागच्या खोलीत मुलांच्या वर्गात. सहा वर्षं ती अशी जात राहिली. मग एका रविवारी पाय दुखतात म्हणाली आणि घरीच राहिली, ती कायमची. "विश्वास कच्चा," मामानं निकाल देऊन टाकला.

त्याच वर्षी चर्चचे बाक पुन्हा पॉलिश करायला निघाले आणि काम मामाकडे आलं. घासण्याआधी तो प्रत्येक बाकावरून हात फिरवतो. माणूस बसतो तिथलं पॉलिश झिजून लाकूड फिकं पडतं. शेवटच्या बाकावर कडेची एकच जागा झिजली होती. तिच्या शेजारी तीन माणसांची जागा काल पॉलिश केल्यासारखी चकचकीत होती. आणि दर रविवारी लोक भिंतीला टेकून उभे असायचे.

संध्याकाळी तो भुशानं भरलेल्या कपड्यांनीच आमच्या स्वयंपाकघरात आला.

"ताई, तुझ्या शेजारी कुणीच बसलं नाही?"

आई भाजी निवडत होती. "तू तरी कुठं बसलास?"

मामा दाराच्या चौकटीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "या रविवारी चल. मी बसतो."

"देवाशी माझं भांडण नाही रे. पण त्याच्या घरी जायचं तर तुमच्यामधून जावं लागतं. ते आता मला जमत नाही."

तो एक बाक मामानं पॉलिश केला नाही. तेव्हापासून तो तिथंच बसतो, कडेची जागा सोडून. तिथं कुणी टेकायला आलं की म्हणतो, "ताईची आहे." अकरा वर्षं झाली. आई पुन्हा चर्चला गेली नाही.

गेल्या रविवारी तो नेहमीसारखा आमच्याकडे जेवायला आला. दोन घास खाऊन थांबला.

"एक बाई आली होती आज. कडेवर मूल, एकटीच. दारात घुटमळत होती. तुझ्या जागेवर बसवलं तिला. चालेल ना?"

"काय विचारलंस तिला?"

"मुलाचं नाव. बाकी काही नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.