दयारामचा खांदा

धानाच्या दुकानातून पोती रोज बाहेर जातात, किस्से मात्र आतच साठत राहतात. आमच्या गोंदियाच्या दुकानात तर निम्मे किस्से एकट्या दयारामच्या खांद्याचे!

दयाराम आमचा धान तोलणारा काटेवाला, कामठा गावचा. माणूस सोन्यासारखा, पण मिरगीचा त्रास. झटका आला की खांदा निखळायचा, नाहीतर कुठलं तरी हाड मोडायचं. तिशी आली तरी कोणी मुलगी देईना, आणि याला संसाराची भारी हौस!

*

दुकानातला पहिला झटका. तीन हमाल धावले. दोन-दोन मणांची पोती उचलणारे गडी, त्याचे हात दाबूनच बसले! खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला नि विचारलं, "याला धरलं कोणी?"

तिघं छाती काढून पुढे. "आमीच जी!"

"पुढच्या वेळी याला सोडा, अन् एकमेकांना धरा!"

*

पुढच्या झटक्याला तिघं खरोखरच एकमेकांना धरून उभे! दयाराम काट्याजवळच्या लोखंडी वजनांवर आदळला. गळ्याखालचं हाड मोडलं. शुद्धीवर येऊन म्हणतो, "मले सोडलं ते बरं केलं. पन वजनं काऊन नाही सरकवली बाप्पा?"

*

एकदा झटका घरी आला. खांद्याचा एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड जागेवर आहे, नुसतं मुरगळलंय." आठ दिवसांनी दुकानात सत्यनारायण. मी प्रसाद देतोय, आणि दयारामला उजवा तळहात वर करताच येईना!

तसाच परत घेऊन गेलो. म्हटलं, "साहेब, बाजूनं फोटो काढा." खांदा मागच्या मागे सरकलेला!

"सेठजी, हे कुठं शिकलात?"

"पोत्यांवर. समोरून फार चांगलं दिसलं, की मी मागून बघतो!"

*

शेवटी सडक अर्जुनीकडचं एक स्थळ आलं. वाटेत मी बजावलं, "मिरगीचं आजच बोलू नकोस."

चहा आला, आणि हा पठ्ठ्या बोललाच! "मले मिरगी येते जी. मी पडतो. पाच मिनिटांत उठतो, खांद्याले मात्र वेळ लागते."

मुलीच्या बापानं कप खाली ठेवला. "पडनाऱ्या मानसाले पोरगी कशी देऊ जी?"

दयारामची मान खाली. मीही टोपी उचलली.

तेवढ्यात दाराआडून मुलीच्या आईचा आवाज आला, "तुमी मोहाची पिऊन पडता, तं दुसऱ्या दिवशी उठता! हा तं पाच मिनिटांत उठते!"