पहिला बसला की पुढं

गणिताचा मला राग नाही. राग आहे तो एका वाक्याचा. ते वाक्य मी सतराव्या वर्षी, लातूरच्या एका क्लासमध्ये, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून घेतलं होतं: "पहिला बसला की पुढं."

अर्थ सोपा आहे. तीन समीकरणं दिलीत, एक्स, वाय, झेड काढायचेत आणि खाली चार पर्याय आहेत. सोडवत बसायचं नाही. पहिला पर्याय उचलायचा आणि समीकरणांत घालून बघायचा. तिन्हींत बसला की उत्तरपत्रिकेतला गोल काळा करायचा, पुढच्या प्रश्नावर जायचं. नाही बसला तर दुसरा. आमचे सर हातात घड्याळ धरून हे फळ्यावर करून दाखवायचे. औशाहून, निलंग्याहून, उदगीरहून आलेली आम्ही पोरं आ वासून बघायचो. एकदा मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, पण हे उत्तर येतं कसं?"

"कसं येतं त्याला मार्क न्हाईत. बस खाली."

वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसले, याची मला आज लाज वाटते.

त्या वाक्याच्या जोरावर मार्क पडले आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले. पहिल्याच चाचणीत मॅट्रिक्सचं गणित आलं, आणि त्याला पर्यायच नव्हते. एक्स अधिक वाय अधिक झेड बरोबर सहा. एक्स अधिक दोन वाय अधिक तीन झेड बरोबर चौदा. दोन एक्स अधिक तीन वाय अधिक चार झेड बरोबर वीस. मी मनातल्या मनात आकडे घालत सुटले. एक, दोन, तीन घातले आणि ते तिन्हींत चपखल बसले. उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडले. पेपर परत आला तेव्हा त्या गणिताला भोपळा होता.

तणतणत मॅडमच्या टेबलापाशी गेले. मॅडम नांदेडच्याच, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "दोन, शून्य, चार घालून बघ."

घातले. बसले.

"आता शून्य, चार, दोन."

तेही बसले.

"अजून देऊ? संध्याकाळपर्यंत देत बसते," मॅडम म्हणाल्या. "अगं, तुझं तिसरं समीकरण म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज हाय. चावडीवर तीन साक्षीदार उभे राहिले, अन् तिसरा म्हणला, ह्या दोघांनी सांगितलं तेच माझं बी म्हणणं. साक्षीदार किती झाले?"

"दोनच."

"अन् तुला हुडकायच्यात तीन गोष्टी. म्हणून उत्तरं अगणित. त्यातलं एक सापडलं तर तू नाचून राहिलीस."

मग त्यांनी मॅट्रिक्स मांडायला लावलं. तिसऱ्या ओळीतून पहिली वजा केली, दुसरी वजा केली. तिसरी ओळ अख्खी शून्य झाली, बरोबरच्या चिन्हापलीकडचे वीसही शून्य झाले. इतकी साधी गोष्ट. दोन वर्षं मी लातुरात पहाटे पाचला उठत होते आणि ही साधी गोष्ट मला एकानंही सांगितली नव्हती. त्या दिवशी होस्टेलवर जाऊन मी ती लाल शाईची वही टराटरा फाडली.

पण शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी पुण्यात वर्षभर चपला झिजवल्या आणि शेवटी लातूरच्या त्याच क्लासमध्ये गणित शिकवायला उभी राहिले. सरांनी "आपलीच पोरगी" म्हणून सगळ्यांशी ओळख करून दिली. मी मनाशी ठरवलं होतं, क्लृप्ती शिकवायची ती शिकवीन, पण तासाची शेवटची दहा मिनिटं माझी. त्या दहा मिनिटांत मी पोरांना साक्षीदारांची गोष्ट सांगायचे आणि विष्णुपुरीचं गणित घालायचे. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "एक, दोन, तीन!" एका वर्षी एक पोरगी ओरडली नाही. देवणीजवळच्या खेड्यातली होती, आई अंगणवाडी सेविका. तिसऱ्या बाकावर खाली मान घालून ती ओळीतून ओळ वजा करत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तिसरी ओळ सगळी शून्यच येऊन राहिली."

मी तिला फळ्यावर बोलावलं. तिच्या हातात खडू देताना मला जो आनंद झाला तो नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

आता आमच्या क्लासची रीत सांगते. दर पंधरा दिवसांनी चाचणी. चाचणीची यादी फाटकाच्या काचेवर लागायची आणि त्याच वेळी पालकांच्या मोबाईलवर जायची. यादीप्रमाणे बॅच बदलायची. पोरं दप्तरं उचलून वरच्या मजल्यावरून खाली किंवा खालून वर जायची. पहिली बॅच वरच्या मजल्यावर, पंख्याखाली, खुद्द सरांच्या हाताखाली. शेवटची मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. देवणीच्या त्या पोरीचा घरच्यांशी करार होता. पहिल्या बॅचला आहे तोवर लातूर. एकदा जरी घसरली तरी बोऱ्याबिस्तर गुंडाळून गावाकडं. वडील शब्दाचे पक्के होते आणि सगळ्या क्लासला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मंगळवारी यादी लागली. पोरगी चार मार्कांनी खाली गेली होती.

तास संपल्यावर ती माझ्याकडं आली. हातात कच्च्या कामाचा कागद. "मॅडम, सतरावा प्रश्न बघा ना. मला डी येऊन राहिला, आन्सर-कीमध्ये ए दिलाय."

मला पुढच्या तासाला उशीर होत होता. मी म्हटलं, "की एकदा लागली की लागली. तुझंच काहीतरी चुकलं असेल." कागद तिच्या हातातून घेतला, हजेरीच्या रजिस्टरमध्ये खुपसला आणि चालायला लागले. आमच्याकडची पोरं शिक्षकांना उलट बोलत नाहीत, आणि आम्ही त्याचा फायदा घेतो.

गुरुवारी हजेरी घ्यायला रजिस्टर उघडलं तर तो कागद खाली पडला. उचलून सहज बघितला. आकडे वेगळे होते, सापळा तोच होता. तिनं मॅट्रिक्स मांडलं होतं, एक एक ओळ नीट वजा केली होती, तिसरी ओळ पलीकडच्या आकड्यासकट शून्य आली होती आणि खाली लिहिलं होतं, "अगणित उत्तरे, म्हणून डी." मी उभ्या उभ्या ताळा केला. तिचं बरोबर होतं. लाल पेननं तशी खूण केली. की चुकली होती.

की मी बनवली होती.

शनिवारी सरांनी सांगितलं होतं, "अर्ध्या तासात की दे." पंचवीस प्रश्न. मी सतराव्यावर आले, ए उचलला, तिन्ही समीकरणांत घालून बघितला, बसला, पुढं गेले. डीमध्ये काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. वही फाडली होती, चार वर्षं विष्णुपुरीत घासली होती, दर वर्गात साक्षीदारांची गोष्ट मोठ्या तोंडानं सांगत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्यासाठीच म्हणत असावेत.

तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. चूक माझी आहे, की बदला, असं स्पष्ट सांगितलं. चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा होतो आणि बरोबरला चार मिळतात, म्हणजे पोरीला पाच मार्क वाढत होते आणि ती पहिल्या बॅचला परत येत होती. हेही सांगितलं.

सर एरवी मला अगं-तुगं करायचे. चिडले की मॅडम म्हणायचे. "मॅडम, ए बसतो का न्हाई?"

"बसतो, पण ते एकच उत्तर नाही."

"बसतो ना? मग चूक कुठाय? यादी सगळ्या पालकांच्या मोबाईलवर गेली. आता पुढच्या वर्षीचे प्रवेश चालू हायेत, अन् मी सगळ्यांना कळवू की आमची की चुकली? एका पोरीपायी?"

"ती एकटीच बरोबर आहे, सर."

"बरोबर असून काय उपयोग? नंबर पाहिजे. तुम्हाला कोण म्हणलं होतं ह्यांना कसं अन् का शिकवा?"

माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर चोरानंच संन्याशाला शिकवलं म्हणून चोराला दम भरायचा, असा तो न्याय. त्यातला चोर मी होते, म्हणून जास्त ओरडत होते. नोकरी तिथंच संपली. नोकरीचं मला काही वाटलं नाही.

पोरीच्या होस्टेलवर गेले तर तिच्या खोलीतल्या पोरी म्हणाल्या, तिची आई आलीय, दोघी आत्ताच स्टँडवर गेल्या. रिक्षा करून स्टँड गाठलं. उदगीरमार्गे देवणीला जाणारी गाडी लागलेली होती. मायलेकी खाली उभ्या, शेजारी पुस्तकांची गोणी आणि गादीची वळकटी. मी आईला सगळं सांगितलं. पोरीचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती. कागदावर लाल पेननं केलेली खूण दाखवली. थांबा, मी अजून भांडते, म्हटलं.

आईनं कागद उलटसुलट करून बघितला. "बरोबर व्हतं तर मंग खाली कामून ढकललं, मॅडम?"



"क्लासनं यादी बदलली का?"

"नाही."

"मंग तिच्या बापाला काय दावू? हा कागद?" ती चिडली नव्हती. वळकटी उचलून ती गाडीत चढली आणि जागा धरायला आत गेली.

पोरगी मागं राहिली होती. तिनं कागद घेतला, माझी लाल खूण बघितली, कागद घडी करून ओढणीच्या टोकात बांधला. मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मॅडम, की करताना तुम्ही ऑप्शन घालून बघितले का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, की जे मी तिला फळ्यावर उभं करून सगळ्यांना शिकवायला लावलं, ते मी स्वतः केलं होतं की नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

"हाव," मी म्हणाले. "पहिला बसला, अन् मी पुढं गेले."