कपाखालचं फूल

हिंगोलीहून नांदेडला निघालेल्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. पांढरा पटका, झुपकेदार मिशा. पिशवीतून आता तंबाखू निघणार असं मला वाटलं, तर निघाली क्रोशाची सुई आणि हिरवा दोरा! खड्डा आला की ते सुई हवेत उचलून धरत, रस्ता सरळ झाला की दोन टाके घालत. तिकीट काढताना त्यांनी सुई सरळ पटक्यात खोचली.

"मामा, काय विणून राहिले?" मी न राहवून विचारलं.

"सुनेनं काचेचा टेबल आणला. गरम कपाचे त्याच्यावर डाग पडून राहिले. मंग तिच्याकडूनच शिकलो अन् कपाखाली ठेवायला सहा लाल फुलं विणली."

"चांगलं केलं की!"

"काय चांगलं? येणारा सोयरा फूल उचलतो, कपाळाला लावतो, बाजूला ठेवतो, अन् कप बराबर काचेवर! दोन फुलं तर देव्हाऱ्यात जाऊन बसली."

"मग आता पुन्हा काहून?"

"आता पानं विणून राहिलो. पानावर माणूस आख्खं जेवण वाढून घेतो. कप ठेवायला काय तकलीफ?"

कळमनुरीला उतरताना त्यांनी एक लाल फूल माझ्या हातात दिलं. "तुमी समजदार दिसता. याच्यावर कपच ठेवा."

मी जोरात मान डोलावली. गाडी हलली. फूल खिशात ठेवता ठेवता मी ते कपाळाला लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

खाली उभ्या मामांनी कपाळावर हात मारून घेतला.