जावेचे पुढचे झटके

धाकट्या जावेला दुसरा मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत ती म्हणू लागली, हे लेकरू माझं नाही, कुणीतरी बदललंय. तिचं जेवण सुटलं, झोप गेली. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा काळ असेल. केळझरला आमचं किराण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकंसुद्धा हलक्या आवाजात बोलत. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, म्हणून बाळाला मीच पाजायला घेतलं आणि दिरांनी जावेला नागपूरला इस्पितळात नेलं. तिथं विजेचे झटके सुरू झाले.

त्यानं गुण आला, खोटं कशाला बोलू? ती जेवू लागली, झोपू लागली. पण आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "बाई, मोठ्याचं नाव काय ठेवलं आपन?" नाव तिनंच हौसेनं ठेवलं होतं. डॉक्टर आणखी काही झटके द्यायचे म्हणत होते.

व्हरांड्यात मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, इचारा ना, आता बरी हाये तं आनखी झटके काऊन पाह्यजे?"

"डॉक्टरले आपन काय इचारनार, वहिनी?"

मग पदर सावरून मीच आत डॉक्टरांकडे गेले. "साहेब, आता जेवून-झोपून राह्यली ना चांगली. पोराचं नाव मात्र इसरली. आनखी दिले नाई तं काय होईन?"

रागावतील असं वाटलं. पण त्यांनी मला बसायला सांगितलं. ती किती खाते, घरी तिच्याजवळ कोण राहील, सगळं विचारलं. मग म्हणाले, "विसरणं बहुधा हळूहळू कमी होईल. सध्या थांबू या. घरी न्या, पण एकटी ठेवू नका. जेवण सुटलं तर लगेच घेऊन या."

तिला घेऊन आम्ही बसनं केळझरला परतलो. उतरताना माझी पिशवी दिरांनी स्वतःच उचलली.

घरी ती बाळाकडे लांबूनच पाही. आम्ही आग्रह केला नाही. एका दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत होते, बाळ रडायला लागलं. मी हात पुसेपर्यंत तीच त्याला घेऊन समोर आली.

"बाई, याले पाजा ना. भूक लागली माह्या लेकराले."

मी त्याला पदराखाली घेतलं. ती शेजारी बसून त्याचे तळवे चोळत राहिली. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. दिरांना हाक मारली, तर ते तसेच दुकानातून उठून आले आणि दारातच उभे राहिले. बाहेर गिऱ्हाईक गुळासाठी हाका मारत होतं, आणि आम्हा कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.