राखीव गडी

आमचे नवे पाळकसाहेब त्या रविवारी चर्चमध्ये हातात क्रिकेटची बॅट घेऊन उपदेशाला उभे राहिले. बॅट नवीकोरी, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मंडळी म्हणजे टीम, ते म्हणाले. कुणी फलंदाजी करतो, कुणी गोलंदाजी, कुणी सीमारेषेवर उन्हात उभा असतो, पण प्रत्येक जण तितकाच महत्त्वाचा. मग आवाज मऊ करून, "आणि राखीव खेळाडूंनाही मी विसरलेलो नाही हं," असं म्हणत त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मला चांगलं ओळखता येतं. शाळेत असताना तसल्याच बघण्यावर मी वर्षभर फुगून हिंडले होते.

माझं माहेर पालघरचं. शाळेच्या खो-खोच्या संघात मला घेतलं ते नववी मुलगी मिळेना म्हणून. मला मात्र वाटलं, माझे पाय बघून घेतलं. आमची कॅप्टन मला कधीच खो द्यायची नाही. शेजारच्या मुलीला द्यायची, पलीकडच्या मुलीला द्यायची, मला सोडून पुढं जायची. मी आपली उकिडवी बसलेली, कान मागं लावून. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "अगं, तू आमची राखीव. तुला शेवटाला काढणार." झालं! घरी आरशासमोर वेणी घालताना मी स्वतःला हुकमाचा एक्का म्हणू लागले. केवढा तो एक्का! पायात चप्पल नाही, नाकात शेंबूड, आणि डोक्यात संघाचं गुपित.

खो-खोत पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही. पळणारी बसलेल्यांच्या मधून पलीकडं निसटली, की पलीकडं तोंड करून बसलेल्या मुलीला मागून खो द्यायचा, मग ती धावणार. आता मधल्या एका मुलीला कुणी खो देतच नसेल, तर तिच्या शेजारची वाट पळणाऱ्यांना मोकळी. समोरच्या शाळेच्या मुलींना हे ताबडतोब कळलं. त्या माझ्या अंगावरून बाजारात फिरल्यासारख्या ये-जा करायला लागल्या. एकीनं तर माझ्याजवळ थांबून सुटलेली रिबीन बांधली. मला वाटलं, घाबरून थबकली. शेवटी मला राहवलं नाही. खो नसतानाच उठले, धावले, तिचं दप्तर ओढावं तसं तिला मागून पकडलं आणि हात वर करून मैदानभर नाचले. शिट्टी वाजत होती ती माझ्या कौतुकाची, असं समजून आणखी नाचले. फाउल होता. आम्ही हरलो.

तेव्हा 'राखीव' म्हटलं की माझं डोकं भडकतं, ते असं जुनं आहे.

आमची मंडळी बोईसरची. नाताळच्या आधी गाणाऱ्यांचा जथा घरोघर जातो. दारात उभं राहून गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, घरच्यांनी चहा आणि करंज्या द्यायच्या. मी लग्न होऊन बोईसरला लागूनच्या सरावलीत आले तेव्हापासून हा जथा माझ्या दारात येत होता, पायी, गटारं ओलांडत. यंदा पाळकसाहेबांनी भाड्याची गाडी केली, गाडीवर कर्णा लावला, आणि सरावली गाळली.

माझं सोडा. मी गाणी ऐकून ऐकून विटले आहे. पण माझ्या शेजारच्या खोलीत मासवणकडची एक बाई भाड्यानं आली होती. नवरा-बायको दोघं कारखान्यात पॅकिंगला. गावाकडं तिचं घर पार डोंगराला, तिथं कधी जथा पोचला नव्हता. यंदा आपल्या दारात गाणी होणार म्हणून तिनं आत दिवा लावायची कागदाची मोठी चांदणी आणून दारावर टांगली होती. गल्लीतल्या बायका नळावर विचारायच्या, "भाभी, कब आएंगे तुम्हारे गानेवाले?" आणि ही ऐटीत म्हणायची, "आएंगे, आएंगे."

सरावली गाळल्याचं मी तिला सांगितलं, तेव्हा ती हातातली बादली ठेवून खालीच बसली.

"काकू, मी सगल्यांना सांगून बसले हाय. नाय आले तर तोंड कसं दाखवू?"

म्हणून त्या रविवारी उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना दारातच गाठलं. बॅट अजून त्यांच्या काखेत होती.

"आजी, तिथं गाडी वळत नाही हो," ते म्हणाले. "आणि त्या गल्लीत आपली घरं दोन. तुमचं आणि त्या नव्या बाईंचं."

"मग दोन घरं टीममध्ये नाहीत?"

"असं कुठं म्हणालो मी? तुम्ही तर आमची राखीव शक्ती! घरी बसून आमच्यासाठी प्रार्थना करा."

"साहेब, बॅटीवरचं प्लॅस्टिक काढा. खेळायचा विचार असेल तर."

भोवतीची माणसं हसली. पाळकीणबाई म्हणाल्या, "आजींची गंमतच असते बाई!" आणि सगळे चहाकडं वळले. म्हाताऱ्या माणसाला गप्प करायची ही नवी रीत आहे. त्याला गमतीदार म्हणायचं.

जथ्याच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे पाळकसाहेबांच्या घरी केक खायला जमतात, हे मला माहीत होतं. मी आणि शेजारीण रिक्षा करून तिथं गेलो. आत गिटार, हशा, बशांचा आवाज. आम्ही आत गेलो नाही. दाराच्या चौकटीतच बसलो, ती आत तोंड करून, मी बाहेर तोंड करून, खो-खोत बसतात तशा. आणि सगळ्यांच्या चपला आमच्या पलीकडं.

"आजी, आत या ना. केक घ्या."

"नको. आम्ही राखीव. इथंच बऱ्या."

"काय हवंय तुम्हाला?"

"सरावली."

"आता सगळे दमलेत. पुढच्या वर्षी नक्की बघू."

"बघा. तोवर बसतो."

कुणीतरी चप्पल घ्यायला वाकलं. मी पाय लांब केला. पाळकसाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"हा हट्ट झाला, आजी. मंडळी अशी चालत नाही."

"कशी चालते ते कळलं. गाडीनं."

"तुमच्या वयाला हे शोभत नाही!"

"तरुणपणीही शोभलं नव्हतं. शिट्टी वाजवा."

या वेळी कुणी हसलं नाही. बरं वाटलं. मग शेजारीण पहिल्यांदा बोलली, मान खाली घालून.

"साहेब, मी चांदनी पेटवून आले हाय. तुमी येनार नाय तं तसं सांगा. मी जाऊन इजवते."

गिटार थांबली. पाळकसाहेब तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात मऊपणा औषधालासुद्धा नव्हता. "चला," ते म्हणाले, आम्हाला नाही, चपलांना.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढं सगळे एकामागे एक, नाकाला रुमाल लावून. गिटार कुणाच्या तरी पाण्याच्या पिंपावर आपटली. गल्लीतल्या बायका दारादारात येऊन उभ्या. "आ गए, आ गए! भाभी के गानेवाले आ गए!"

गाणं काही चांगलं झालं नाही. रागानं गाणाऱ्याचा सूर वर चढतो, आणि पाळकसाहेबांचा तर छताच्या पत्र्याला टेकला होता. पण चांदणीखाली उभी असलेली ती बाई करंज्यांचं ताट हातात धरून ते फिरवायचंच विसरली. आशीर्वाद झाला, आमेन झालं, तरी ताट तिच्याच हातात.

पाळकसाहेबांनी घाम पुसला. "झालं समाधान, आजी?" असं म्हणून ते गाडीकडं वळले.

मी मागून त्यांच्या पाठीवर हात मारला, शाळेत कुणी मला कधी मारला नव्हता तसा, चांगला सणसणीत.

"खो," म्हटलं. "पुढचं दार माझं."