पाळीनं येणारी नावं

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी राहुरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबसाइट करायला शिकत होतो. सराव म्हणून भावकीच्या डाळिंबाच्या रोपवाटिकेचं पान केलं. वर रोपांचा फोटो, मधे माहिती आणि खाली, लग्नपत्रिकेत छापतात तशी, घरच्या पुरुषांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. भावकीचं काम अंगावर घेऊ नये, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

धाकटे चुलते पान बघायला क्लासमध्ये आले. त्यांचं नाव बरंच खाली असल्यानं पडद्यावर दिसेना.

"माझं नाव काढाय कुनी सांगितलं?"

"काका, खाली हाय," म्हणत मी पान सरकवलं. त्यांचं नाव आलं, पण थोरल्या चुलत्यांचं वर निघून गेलं. संशय उलट वाढला.

"म्हंजी जो बघाय येईल त्याचं नाव दावतो व्हय तू?"

वैतागून मी सगळी नावं एका ओळीत टाकली आणि ती ओळ पडद्यावर पळती केली. आता पाटाच्या पाण्यासारखी ज्याची त्याची पाळी येणार होती. काका डोळे बारीक करून बघत बसले.

"माझं लई घाईनं जातंय. थोरल्याचं बघ कसं निवांत चाललंय."

सगळ्यांची चाल एकच आहे, असं मी ओरडलो. ते उठून निघून गेले. मी कॉम्प्युटर बंद करणार, तेवढ्यात माझं नाव आलं आणि गेलंसुद्धा. मी खुर्ची पुढं ओढली आणि पुन्हा माझी पाळी यायची वाट बघत बसलो.