ट्राउटवाला हात वर करायचा

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं आणि लिहिण्यात चुका असतील, कुणी वाचलंच तर माफ करावं.

लेकीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियात आले आणि करोनाने विमानं बंद झाली. घरामागच्या नदीत एक म्हातारा गोरा कमरेपर्यंत उतरून ट्राउट मासे धरायचा. पाण्याला ओढ फार. खिडकीतून बघताना मला धडकी भरायची. बाहेर आला की तो माझ्याकडे हात वर करायचा. मी लाजून पडदा ओढायची.

एकदा कुंपणापलीकडून तो लेकीशी बोलला. ती हसत म्हणाली, "आई, त्याची वाईफ गेली. म्हणतो, मी पाण्यातून वर आलो का ते बघायला आता खिडकीतली बाईच आहे."

मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून भीती दुप्पट झाली.

थंडीत एका सकाळी दाट धुकं होतं. काठावर त्याची पिशवी, माणूस दिसेना. लॉकडाऊनमध्ये बाहेर पडलं तर पोलीस धरतील या भीतीने मी कधी फाटक ओलांडलं नव्हतं. तशीच धावले.

"अहो! अहो, मासेवाले!"

पुन्हा ओरडले. खालच्या वळणावरून आवाज आला, "नो वरीज, लव!" काळजी नको बाई, असा त्याचा अर्थ, लेकीने नंतर सांगितलं.

तो कुडकुडत वर आला. माझ्यापासून चार हात दूर उभा होता, तरी त्याने हात वर केला. मीही केला, पहिल्यांदाच.